कार्बोरेटर खोलण्यापूर्वी टाकी तपासा

कुर्ल्याहून घाटकोपर, विक्रोळीमार्गे ठाण्याकडे जाणारा लालबहादूर शास्त्री मार्ग, म्हणजेच जुना आग्रा रोड, हा मुंबईच्या मालवाहतुकीचा जुना साक्षीदार आहे. आज त्यावरून धावणारे जवळपास सर्व अवजड ट्रक डिझेलवर चालतात आणि डिझेल इंजिनाला कार्बोरेटर नसतो. एके काळी मात्र चित्र वेगळे होते. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून डॉज आणि फार्गो ट्रक बाहेर पडत. महिंद्राच्या जुन्या जीपमध्ये आणि जबलपूरला लष्करासाठी तयार होणाऱ्या निसान एक टनी ट्रकमध्येही पेट्रोल इंजिन असे.

हौशी मालकांनी जपलेली अशी वाहने अजूनही दिसतात. ती अडखळू लागली की पहिला संशय कार्बोरेटरवर जातो आणि तो लगेच खोलला जातो. वस्तुतः कार्बोरेटर हा इंधनाच्या वाटेवरचा शेवटचा टप्पा आहे. टाकी, नळी, फिल्टर आणि पंप या आधीच्या चार ठिकाणांपैकी कोठेही अडथळा आला तरी लक्षणे जवळपास सारखीच दिसतात. म्हणूनच तपासणी टाकीपासून सुरू करणे शहाणपणाचे ठरते.

टाकी ते पंप

गाडी सुरू होऊन काही मिनिटांनी बंद पडत असेल आणि थोडा वेळ थांबल्यावर पुन्हा चालत असेल, तर प्रथम टाकीचे झाकण सैल करून पाहावे. झाकणातील हवेचे बारीक छिद्र बुजले की टाकीत निर्वात निर्माण होतो आणि पंपाला पेट्रोल ओढता येत नाही. या तपासणीला एक पैसाही लागत नाही.

सपाट रस्त्यावर नीट चालणारी गाडी चढावर किंवा भार असताना ओढत नसेल, तर फिल्टरमध्ये गंज व कचरा साचल्याची शक्यता अधिक असते. त्यानंतर पाळी पंपाची. मेकॅनिक ज्याला एसी पंप म्हणतात, तो इंजिनाच्या कॅमशाफ्टवर चालतो आणि त्यातील रबरी पडदा, म्हणजे डायफ्रॅम, पेट्रोल पुढे ढकलतो. कार्बोरेटरकडील नळी सोडून तिचे टोक बाटलीत धरावे, इग्निशन कॉइलची तार काढून ठेवावी आणि स्टार्टर फिरवावा. पेट्रोलच्या ठसठशीत पिचकाऱ्या आल्या तर पंप ठीक आहे. ही चाचणी इंजिन थंड असतानाच करावी.

डायफ्रॅम फाटल्यास पेट्रोल थेट इंजिन ऑइलमध्ये उतरते. डिपस्टिकवर ऑइलची पातळी वाढलेली दिसली किंवा त्याला पेट्रोलचा वास आला, तर इंजिन चालवू नये. पातळ झालेले ऑइल बेअरिंगचे रक्षण करू शकत नाही आणि किरकोळ दुरुस्तीचे काम इंजिन उतरवण्यापर्यंत जाते.

मे महिन्यात वाहतूक कोंडीत गाडी बंद पडून थंड झाल्यावरच सुरू होणे हा वेगळा प्रकार. पंपाच्या ओढीच्या बाजूला दाब कमी असल्याने तापलेल्या नळीत पेट्रोलची वाफ होते आणि पंप नुसती वाफच ढकलत राहतो. पंपावर ओले फडके ठेवणे हा तात्पुरता उपाय. नळी सायलेन्सरच्या पाइपपासून दूर नेणे हा कायमचा.

दोष खरोखर कार्बोरेटरचा असेल तर

काळा धूर, पेट्रोलचा उग्र वास आणि काळे पडलेले प्लग म्हणजे पेट्रोल जास्त जात आहे. फ्लोटला छिद्र पडलेले असते किंवा नीडल नीट बसत नाही. फ्लोट काढून कानाजवळ हलवला असता आत पेट्रोल डचमळल्याचा आवाज येतो. याउलट, कार्बोरेटरमधून फटफट आवाज येत असेल आणि चोक अर्धा ओढल्यावर इंजिन सुधारत असेल, तर पेट्रोल कमी पडत आहे. जेट बुजला असेल किंवा मॅनिफोल्डच्या गॅस्केटमधून हवा शिरत असेल. केवळ स्लोवर इंजिन टिकत नसेल तर स्लो जेट पाहावा. जेट पितळी असतो. त्यात तार घालू नये, छिद्र मोठे होते. हवेच्या दाबानेच तो साफ करावा.

एवढे करूनही ‘मिसिंग’ जात नसेल, तर पॉइंट आणि कंडेन्सर तपासावेत. ठिणगीचा दोष अनेकदा इंधनाचा दोष भासतो.

नव्या पेट्रोलचा प्रश्न

या जुन्या दोषांत आता एक नवी भर पडली आहे. देशात २० टक्के इथेनॉल मिश्रित पेट्रोलची विक्री २०२३ मध्ये सुरू झाली आणि २०२५ मध्ये हे मिश्रण देशभर रूढ झाले. जुनी इंजिने त्यासाठी बनवलेली नव्हती. शुद्ध पेट्रोलच्या एका भागाला वजनाने सुमारे १४.७ भाग हवा लागते. या मिश्रणाला सुमारे साडेतेरा. जेट मात्र जुन्याच मापाचे असल्याने इंजिनाला पेट्रोल कमी पडते. नव्या गाड्यांत ही तूट संगणक भरून काढतो. कार्बोरेटरला ते जमत नाही.

इथेनॉल हवेतील ओलावाही शोषून घेते. पावसाळ्यात महिनोन् महिने उभ्या असलेल्या गाडीच्या टाकीत पाण्याचे प्रमाण मर्यादेपलीकडे गेले की पाणी व इथेनॉल एकत्र होऊन तळाशी बसते आणि पंप नेमके तेच ओढतो. टाकी गंजते ती वेगळीच.

सर्वांत गंभीर बाब रबराची. जुन्या प्रकारचे रबर इथेनॉलमुळे फुगते, मऊ पडते व तडकते. तडकलेल्या नळीतून गरम इंजिनावर ठिबकणारे पेट्रोल म्हणजे आगीला आमंत्रण. त्यामुळे नळ्या, डायफ्रॅम आणि गॅस्केट इथेनॉलला टिकणाऱ्या साहित्याची बसवून घेणे हा जुन्या ट्रकच्या मालकाचा पहिला खर्च असायला हवा. जेटचे माप जाणकाराकडून ठरवून घेणे हा दुसरा. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते आणि गॅरेजच्या खड्ड्यात साचते. म्हणून काम मोकळ्या हवेत, बॅटरीची तार सोडून आणि अग्निशामक हाताशी ठेवूनच करावे.