कुलगुरूंचें आसन आणि लोकांचा हिशेब

पेढीवर नवा मुनीम नेमावयाचा झाला म्हणजे आमचा व्यापारी बंधु त्याच्या सचोटीची दहा ठिकाणीं चौकशी करतो, त्याचा हिशेब तपासून पाहतो, आणि मगच तिजोरीची किल्ली त्याच्या हातीं देतो. परंतु ज्या संस्थेवर आपण आपल्या मुलांचें भवितव्य सोंपवितों, तिच्या मुख्य अधिकाऱ्याची नेमणूक होते, तेव्हां हाच चौकस गृहस्थ वर्तमानपत्रांतील छायाचित्र पाहून पान उलटतो. नवे कुलगुरु आले, हारतुरे झाले, संपलें! कुलगुरूंचें काम काय, त्यांचे अधिकार कोणते, आणि काम बिघडलें तर जाब विचारावयाचा कोणीं, हे प्रश्न करवीरच्या बाजारपेठेंत क्वचितच ऐकूं येतात. ही उदासीनता आम्हांस घातक वाटते; म्हणून ह्या विषयाचा आज थोडा विचार करूं.

कोल्हापूरचें शिवाजी विद्यापीठ कांहीं आकाशांतून पडलेलें नाहीं. श्रीशाहू छत्रपतींनीं १९०१ सालापासून निरनिराळ्या जातींच्या विद्यार्थ्यांकरितां वसतिगृहें उघडविलीं. १९०२ सालीं संस्थानच्या नोकऱ्यांत मागासलेल्या वर्गांसाठीं निम्म्या जागा राखून ठेविल्या. १९१७ सालीं प्राथमिक शिक्षण सक्तीचें व मोफत केलें. कर्मवीर भाऊराव पाटील यांनीं १९१९ सालीं रयत शिक्षण संस्था स्थापून गरीब शेतकऱ्याच्या मुलास श्रम करून शिकण्याचा मार्ग दाखविला. ह्या मशागतीनंतर १८ नोव्हेंबर १९६२ रोजीं राष्ट्रपति डॉ. सर्वपल्ली राधाकृष्णन् यांच्या हस्तें विद्यापीठाचें उद्घाटन झालें. त्या वेळीं ३४ महाविद्यालयें व सुमारें १४ हजार विद्यार्थी होते. २००४ सालीं सोलापूरचें विद्यापीठ वेगळें झालें. तरी कोल्हापूर, सांगली व सातारा ह्या तीन जिल्ह्यांतील अडीचशेंहून अधिक महाविद्यालयें आज ह्या विद्यापीठास संलग्न आहेत.

पहिले कुलगुरु डॉ. आप्पासाहेब पवार हे इतिहाससंशोधक होते. सागरमाळाच्या ओसाड रानावर त्यांनीं विद्यापीठ उभें केलें, आणि त्याच काळांत ताराबाईकालीन कागदपत्रांचें संपादनही केलें. एका हातीं बांधकामाचे नकाशे व दुसऱ्या हातीं जुनीं दप्तरें, असा हा योग होता. ज्यास विद्येची गोडी नाहीं, तो विद्यापीठाचा केवळ कारकून होईल. ज्यास कारभार कळत नाहीं, त्याची विद्वत्ता ग्रंथालयांतच शोभेल. कुलगुरूंच्या अंगीं दोन्ही गुण असावे लागतात.

पूर्वीं ही गोष्ट इतकी बिकट नव्हती. न्यायमूर्ति काशीनाथ त्र्यंबक तेलंग १८९२ सालीं मुंबई विद्यापीठाचे पहिले एतद्देशीय कुलगुरु झाले, तेव्हां ते उच्च न्यायालयाचें काम सांभाळून हें पद भूषवीत होते. त्या काळचें विद्यापीठ म्हणजे मुख्यत्वें परीक्षा घेऊन पदव्या देणारी संस्था. आजचें विद्यापीठ शिकविते, संशोधन करविते, महाविद्यालयांवर देखरेख ठेविते आणि सार्वजनिक पैसा खर्च करिते. फावल्या वेळांत उरकण्याचें हें काम उरलेलें नाहीं.

मग कायदा काय म्हणतो? महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ याप्रमाणें शोध समितीनें सुचविलेल्या नांवांतून कुलपति, म्हणजे राज्यपाल, कुलगुरूंची नेमणूक करतात. मुदत पांच वर्षांची, किंवा वयाचीं ६५ वर्षें पुरीं होईपर्यंत, यांपैकीं जें आधीं होईल तें. त्याच पदावर पुनः नेमणूक नाहीं. ह्या शेवटच्या अटीचें मर्म आम्हांस मोलाचें वाटतें. ज्यास दुसरी मुदत मिळावयाची नाहीं, त्यानें मंत्र्यांची मर्जी कां राखावी, व संस्थाचालकांचें तोंड कां पाहावें? व्यवस्थापन परिषद व विद्या परिषद या दोन्हींचें अध्यक्षपद त्यांच्याकडे असतें. तातडीच्या प्रसंगीं त्यांस एकट्यानें निर्णय घेतां येतो. मात्र तो मागाहून संबंधित मंडळास कळविला पाहिजे. अधिकार मोठा आहे, पण बेलगाम नाहीं.

आतां लोकांनीं हिशेब कोणता मागावा? पहिला हिशेब परीक्षेचा. परीक्षा संपल्यावर ३० दिवसांत, व फार तर ४५ दिवसांत निकाल लागला पाहिजे, असें हाच अधिनियम सांगतो. २०१७ सालीं मुंबई विद्यापीठांत उत्तरपत्रिका संगणकावर तपासण्याची पद्धत पुरेशा तयारीवांचून अंमलांत आणली गेली. निकाल महिनोगणती रखडले, विद्यार्थ्यांच्या पुढील प्रवेशांचा खोळंबा झाला, आणि त्याच वर्षीं ऑक्टोबरांत कुलपतींनीं कुलगुरूंस पदावरून दूर केलें. सुधारणा वाईट नव्हती; घाई वाईट होती. पण कुलगुरूंचें पद गेलें म्हणून विद्यार्थ्याचे गेलेले महिने परत आले काय?

दुसरा हिशेब शिक्षकांचा. जागा रिकाम्या ठेवून तासिका तत्त्वावरील तुटपुंज्या वेतनावर शिकविणें चालविलें, तर इमारत कितीही भव्य असो, आडांत नाहीं तें पोहऱ्यांत कोठून येणार? तिसरा हिशेब पैशाचा. अर्थसंकल्प अधिसभेपुढें येतो. तेथें तो मुकाट्यानें संमत न होतां त्यांतील प्रत्येक बाबीची शहानिशा झाली पाहिजे. चौथा हिशेब दूरच्या महाविद्यालयांचा. शाहूवाडीच्या डोंगरांतील किंवा जतच्या दुष्काळी मुलखांतील विद्यार्थ्यास कोल्हापुरांतील विद्यार्थ्याच्या तोडीचा शिक्षक, प्रयोगशाळा व ग्रंथ मिळतात काय? कुलगुरूंची खरी परीक्षा तेथें आहे, पदवीदानाच्या मंडपांत नाहीं.

कोणी म्हणेल, कुलगुरूंचे हात बांधलेले आहेत. अनुदान सरकारचें, पदभरतीची परवानगी सरकारची, मग एकट्या माणसानें करावें काय? ह्या म्हणण्यांत तथ्य आहे, हें आम्ही नाकारीत नाहीं. परंतु जागा भरण्याची परवानगी मिळत नसेल, तर तें लोकांस उघडपणें सांगणें तर त्यांच्या हातीं आहे! गैरवाजवी शिफारस परत पाठविण्यास कोणाची परवानगी लागते? मौन पाळणारा कुलगुरु सरकारचीही सेवा करीत नाहीं; तो केवळ आपली मुदत पुरी करतो.

मात्र असें धैर्य दाखविणाऱ्यामागें नगरानेंही उभें राहिलें पाहिजे. अधिसभेवर नोंदणीकृत पदवीधरांचे १० प्रतिनिधि निवडून जातात. ह्या पेठांतून पदवी घेतलेले किती व्यापारी, वकील व वैद्य आपलें नांव त्या यादींत नोंदवितात? नोंदविलें तरी मतदानास किती जातात? आपण घरीं बसावें व बाहेर विद्यापीठाच्या नांवानें बोटें मोडावीं, हा न्याय नव्हे. आमची विनंति एवढीच कीं, प्रत्येक पदवीधर नागरिकानें पुढील निवडणुकीपूर्वीं आपली नोंदणी करावी, निवडून दिलेल्या प्रतिनिधीस वर्षांतून एकदां तरी वरील चार हिशेब विचारावे, आणि त्यानें ते अधिसभेंत कुलगुरूंपुढें मांडावे असा आग्रह धरावा. छत्रपतींनीं व कर्मवीरांनीं हें शेत नांगरून ठेविलें; राखण करण्याचें काम आपल्याकडे आलें आहे.