घर दुभंगते तेव्हा पुस्तक

आईवडील विभक्त झाले की मूल पुष्कळदा स्वतःलाच दोषी मानते, आणि हे कोणाला सांगतही नाही. अमेरिकेत १९७० साली कॅलिफोर्नियात परस्परांवर दोषारोप न करता घटस्फोट देणारा कायदा अंमलात आला. इतर राज्येही त्याच वाटेने गेली. त्या दशकापासून तेथील बालसाहित्यात हे मुके दुःख बोलू लागले. ज्यूडी ब्लूम यांच्या १९७२ च्या कादंबरीतील कॅरन आईवडिलांना पुन्हा एकत्र आणू पाहते. तिला यश येत नाही. लेखिकेने खोटा दिलासा दिला नाही, हेच तिचे मोठेपण. बेव्हर्ली क्लिअरी यांच्या 'डिअर मिस्टर हेन्शॉ' (१९८३) मधील ली हा मुलगा ट्रक चालविणाऱ्या वडिलांच्या फोनची वाट पाहत राहतो.

अशी पुस्तके औषधाच्या पुडीप्रमाणे मुलाच्या हाती ठेवू नयेत. आईने वा वडिलांनी ती आधी स्वतः वाचावीत, मग मुलाला जवळ घेऊन. स्वतःविषयी जे विचारवत नाही, ते मूल कॅरनविषयी विचारते.

आपल्या घरांतून रामायण वाचले जाते. उत्तरकांडात वाल्मीकींच्या आश्रमात, आईपाशी वाढलेले लव-कुश पित्याची कथा पित्यासमोरच गातात. ते पान मात्र बहुधा घाईने उलटले जाते.