एक मिलिमीटर सूज

क्रूप हा मुख्यतः सहा महिने ते तीन वर्षांच्या मुलांचा आजार. बहुतेक वेळा तो पॅराइन्फ्लुएन्झा विषाणूमुळे होतो. एक-दोन दिवस साधी सर्दी असते, आवाज बसतो आणि मध्यरात्री मूल कुत्रा भुंकावा तसे खोकत उठते. श्वास आत घेताना घशातून कर्कश आवाज येतो, तो स्ट्रायडर.

सूज येते स्वरयंत्राच्या लगेच खाली. तिथे कूर्चेचे अखंड कडे असल्याने सुजेला बाहेर फुगायला वाव नसतो. ती आतली वाटच अडवते. अरुंद नळीतल्या प्रवाहाचा नियम ज्यां प्वाझय यांनी १८४० च्या दशकात काचेच्या बारीक नळ्यांवर प्रयोग करून मांडला. (हे गृहस्थ पेशाने डॉक्टर होते, हे भौतिकशास्त्राच्या वर्गात क्वचितच कळते.) त्रिज्या निम्मी झाली की अडथळा १६ पट. चार मिलिमीटर व्यासाच्या नळीत सगळीकडून एक मिलिमीटर सूज आली, तर नेमके हेच होते. आठ मिलिमीटरच्या नळीत तेवढ्याच सुजेने अडथळा जेमतेम तिप्पट होतो. मूल रडू लागले की हवेचा प्रवाह खळबळतो आणि अडथळा आणखी वाढतो. म्हणून तपासणी मूल आईच्या मांडीवर शांत असताना करायची.

क्रूप किती तीव्र आहे हे मोजणाऱ्या १९७८ च्या वेस्टली गुणपद्धतीत पाच गोष्टी पाहतात: स्ट्रायडर, श्वासागणिक छाती आत ओढली जाणे, फुप्फुसांत पोहोचणारी हवा, निळेपणा आणि शुद्ध. घरादाराला घाबरवणाऱ्या त्या खोकल्याला यात एकही गुण नाही! उलट, थकलेल्या मुलाचा स्ट्रायडर मंदावला, तर तो उतार समजू नये.

तीव्र ताप, गळणारी लाळ, पुढे झुकून बसलेले मूल आणि भुंकणारा खोकला नाही, असे दिसले तर क्रूपऐवजी एपिग्लॉटायटिसची (स्वरयंत्रावरच्या झाकणाला येणाऱ्या सुजेची) शंका घ्यावी. हिब लसीने हा आजार दुर्मीळ केला आहे. लस न घेतलेल्या मुलात घटसर्पही विसरू नये. ताप-सर्दी नसताना खेळता-खेळता अचानक गुदमरल्यास शेंगदाण्यासारखे काही अडकलेले असू शकते. तान्ह्या बाळाचा श्वास सोडताना सूं-सूं वाजत असेल, तर ब्राँकिओलायटिसचा विचार होतो.

क्रूपवर डेक्सामेथासोन या स्टेरॉइडचा बहुधा एकच डोस पुरतो. वाफेचा उपयोग सिद्ध झालेला नाही, भाजण्याचा धोका मात्र खरा आहे. शांत बसलेल्या मुलालाही स्ट्रायडर ऐकू येत असेल, बरगड्या आत ओढल्या जात असतील किंवा ओठ निळसर दिसत असतील, तर घशात चमचा न घालता, मुलाला मांडीवर बसते ठेवून ताबडतोब रुग्णालय गाठावे.