छत्तीस फोटोंची सहल

मोबाइलमध्ये हजारो फोटो मावत असतानाही काही हौशी प्रवासी फिल्मचा रोल घेऊनच घराबाहेर पडतात. असे काय आहे त्या रोलमध्ये?

बॅगा भरून झाल्या, चिवडा-लाडवांचे डबे पिशवीत गेले, की सहलीच्या आदल्या रात्री घरात एक प्रश्न हमखास विचारला जाई, “कॅमेऱ्यात रोल भरला ना?” रोल छत्तीस फोटोंचा. त्या छत्तिसांत माथेरानची छोटी गाडी, पॉइंटवरचा सूर्यास्त, घोड्यावर बसलेली धाकटी आणि साऱ्या कुटुंबाचा एक ग्रुप फोटो, एवढे सगळे बसवायचे. रोल जपून भरला असेल, तर कधी कधी सदतिसावा फोटोही निघे आणि लॉटरी लागल्यासारखा आनंद होई!

ते दिवस सरले. उटीच्या सरकारी हिंदुस्थान फोटो फिल्म्सचा ‘इंदू’ रोल इतिहासजमा झाला. एका रोलवर बारा फोटो देणारा आगफाचा ‘क्लिक-३’ कपाटाच्या वरच्या फळीवर गेला. २०१२ मध्ये खुद्द कोडॅकवर दिवाळखोरीचा अर्ज करण्याची वेळ आली. फिल्मचा कायमचा निरोप घेतला जाणार, असेच तेव्हा वाटत होते. पण २०२४ मध्ये जपानच्या रिको कंपनीने ‘पेंटॅक्स १७’ हा कोरा करकरीत फिल्म कॅमेरा बाजारात आणला. त्यात अर्ध्या आकाराची फ्रेम असल्यामुळे छत्तीसच्या रोलवर बहात्तर फोटो निघतात. म्हणजे फिल्मला गिऱ्हाईक अजून आहे, आणि त्यात ज्यांच्या लहानपणी घरात डिजिटल कॅमेरा आलेला होता, अशी तरुण मंडळीही आहेत.

मोजके असले की नजर थांबते

सोयीच्या बाबतीत मोबाइलशी फिल्मची बरोबरी होणार नाही, हे उघड आहे. रोल विकत घ्या, तो धुवायला टाका, प्रिंट काढा; प्रत्येक पायरीवर पैसे मोजा. मात्र या खर्चातच फिल्मची खरी गोडी दडलेली आहे. प्रत्येक फोटोला किंमत असली, की माणूस बटण दाबण्यापूर्वी थांबतो. ऊन कुठून येते आहे ते पाहतो, दोन पावले मागे सरकतो. घाटावरच्या फुलवालीचा फोटो काढायचा तर आधी तिच्याशी दोन शब्द बोलतो. शिवाय फोटो काढल्यावर लगेच पाहण्यासारखे काहीच नसते. त्यामुळे मान पडद्यात न जाता पुन्हा समोरच्या डोंगराकडे वळते.

हा अनुभव नवख्यांपुरताच नाही. जगप्रसिद्ध छायाचित्रकार स्टीव्ह मॅक्करी १९७८ पासून भारतात येत राहिले. त्यांची बरीचशी कारकीर्द ‘कोडाक्रोम’ या रंगीत फिल्मवर घडली. १९३५ मध्ये आलेली ही फिल्म २००९ मध्ये कोडॅकने बंद केली आणि कारखान्यातून निघालेला शेवटचा रोल मॅक्करींच्या हाती सोपवला. फ्रेम्स फक्त छत्तीस! त्या कुठे खर्च करायच्या? मॅक्करी न्यूयॉर्कहून थेट भारतात आले. मुंबईत त्यांनी अमिताभ बच्चन, नंदिता दास यांसारख्या कलावंतांची छायाचित्रे घेतली, राजस्थानात रबारी लोकांची. जुलै २०१० मध्ये तो रोल त्यांनी अमेरिकेतील कॅन्सास राज्यातल्या एका प्रयोगशाळेत स्वतः नेऊन दिला. कोडाक्रोम धुणारी ती शेवटची जागा होती, आणि त्या वर्षाच्या अखेरीस तिथलेही काम थांबले.

आपल्याकडे जयपूरला जन्मलेल्या रघुबीर सिंग यांनीही रंगीत फिल्मवरच गंगाकाठ, राजस्थान आणि मुंबई टिपली. गंभीर छायाचित्रण म्हणजे कृष्णधवल, असे मानले जाई त्या काळात भारत रंगांतच पाहायला हवा, हा त्यांचा आग्रह होता. १९९९ मध्ये त्यांचे निधन झाले. त्यांची पुस्तके आजही आवडीने पाहिली जातात.

अंधारातली करामत

फिल्मवर जिलेटिनच्या पातळ थरात चांदीच्या क्षारांचे बारीक कण असतात. शटर क्षणभर उघडते, प्रकाश त्या कणांवर पडतो आणि डोळ्यांना न दिसणारी प्रतिमा तयार होते. रंगीत निगेटिव्ह फिल्म पुढे सुमारे ३८ अंश सेल्सिअस तापमानाच्या रसायनात सव्वातीन मिनिटे राहिली, की ती प्रतिमा प्रकट होते. कणांचा तो किंचित खरखरीत पोत हीच फिल्मची ओळख.

आणि हाती राहते ती निगेटिव्ह. भिंतीवरचा रंगीत फोटो उन्हाने फिका पडला, तरी निगेटिव्ह शाबूत असेल तर नवी प्रत निघते. मात्र तिचा मोठा शत्रू म्हणजे दमट हवा. मुंबई-कोकणातल्या पावसाळ्यात माळ्यावरच्या डब्यात पडलेल्या निगेटिव्हना बुरशी धरते आणि आजी-आजोबांची काशीयात्रा कायमची पुसली जाते. तेव्हा तो डबा आजच खाली काढा. पट्ट्या कडेला धरून हाताळा, स्वच्छ पाकिटांत घाला, डब्यात सिलिका जेलची पुडी ठेवा आणि महत्त्वाच्या पट्ट्या स्कॅन करून घ्या.

रोल घेऊन निघताना

• स्वच्छ उन्हासाठी १०० किंवा २०० आयएसओचा, ढगाळ हवेसाठी ४०० चा रोल घ्या.
• विमानप्रवासात रोल मोठ्या सामानात टाकू नका, हातातल्या बॅगेत ठेवा. काही विमानतळांवरच्या नव्या सीटी स्कॅनरमुळे फिल्म खराब होते. रोल हाताने तपासण्याची विनंती करा.
• उन्हात उभ्या केलेल्या मोटारीत रोल ठेवू नका.
• जुना कॅमेरा असेल, तर बॅटरी गळलेली नाही ना, ते पाहा. एक रोल घरीच वापरून खात्री करा.
• रोल कुठे धुवून मिळेल, याची चौकशी आधीच करा. आता सगळ्याच स्टुडिओंत ही सोय नसते.

फिल्मचा कॅमेरा नसला तरी बिघडत नाही. पुढच्या सहलीत मोबाइलवरही छत्तीसच फोटो काढायचे, असे घरात ठरवून पाहा. चौघांच्या कुटुंबात प्रत्येकाच्या वाट्याला नऊ येतील. नवव्या फोटोसाठी धाकटी किती वेळ थांबते आणि थांबल्यावर तिला काय काय दिसते, ते जरूर पाहा. घरी आल्यावर छत्तीसच्या छत्तीस फोटोंचे प्रिंट काढा, मागे तारीख आणि गावाचे नाव लिहा. असा अल्बम पाहुण्यांसमोर ठेवला, की प्रत्येक फोटोमागची गोष्ट सांगायला घरातला प्रत्येक जण पुढे सरसावेल!