ज्वारीतील प्रकाशाची कळ

बार्शी परिसरातील खोल काळ्या जमिनीत रब्बी ज्वारी सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये पेरली जाते, आणि दिवस लहान होत जाणे हीच तिला फुलोऱ्यावर येण्याची सूचना असते. ती टिपणारे एक प्रथिन फायटोक्रोम-बी होय. तांबडा प्रकाश पडताच त्याचा आकार बदलून ते कार्यरत होते, तर अतितांबड्या, म्हणजे डोळ्यांना जेमतेम दिसणाऱ्या प्रकाशाने ते पूर्ववत होते. ज्वारीत दिवस मोठे असताना ते फुलोरा रोखून धरते. म्हणूनच हे प्रथिन घडवणाऱ्या जनुकात बिघाड झालेली ज्वारी अवेळी, लवकर फुलते.

वनस्पतीची ही कळ प्राणिपेशीतही चालते, ही गोष्ट विलक्षण होय. कॅलिफोर्नियातील संशोधकांनी 2009 मध्ये अ‍ॅरॅबिडॉप्सिस या मोहरीवर्गीय रोपट्यातील फायटोक्रोम-बी सस्तन प्राण्यांच्या पेशींच्या आवरणाला जोडले, आणि त्याला बिलगणाऱ्या दुसऱ्या प्रथिनावर संदेशवाहक रेणू बसवला. तांबडा प्रकाश टाकताच दोन्ही प्रथिने काही सेकंदांत एकत्र आली व पेशीची कड प्रकाशाच्या दिशेने पसरू लागली, आणि अतितांबड्या प्रकाशाने ही प्रथिने विलग झाली. प्राणिपेशींत प्रकाश शोषणारे पूरक रंगद्रव्य तयार होत नसल्याने ते बाहेरून पुरवावे लागते, ही या तंत्राची खरी अडचण आहे. तरी या तंत्राचा फायदा मोठा आहे. पेशीतील संदेश बदलण्यासाठी दिलेले औषध पेशीभर पसरते. प्रकाश मात्र पेशीच्या एखाद्या कोपऱ्यापुरता, हव्या त्या क्षणी देता व काढता येतो, त्यामुळे कोणता संदेश कोठे व किती वेळ टिकला की पेशी वाढते, सरकते किंवा थांबते, हे थेट तपासता येते.