सहलीला जायचंय? आधी एसटीचा विचार करा
ग्रामीण बससेवेविषयीचे पाच गैरसमज आणि वस्तुस्थिती

एसटी महामंडळाच्या मध्यवर्ती कार्यशाळा महाराष्ट्रात तीनच: पुण्याजवळ दापोडी, नागपूरजवळ हिंगणा आणि आपल्या छत्रपती संभाजीनगरजवळची चिकलठाण्याची. जिथे एसटीच्या गाड्यांची बांधणी होते, त्याच परिसरातली कुटुंबं वेरूळला किंवा पैठणला जायचं ठरलं की पहिल्यांदा भाड्याच्या मोटारीची चौकशी करतात. एसटी दवाखान्यासाठी, लग्नकार्यासाठी, कोर्टकचेरीसाठी. फिरायला नाही, अशी समजूत घट्ट बसली आहे. ती ज्या गैरसमजांवर उभी आहे, ते तपासून पाहू.

गैरसमज 1: खेड्यापाड्यांची गाडी प्रेक्षणीय ठिकाणी नेत नाही.

वस्तुस्थिती: आपल्या जिल्ह्यातली मोठी ठिकाणं गावांच्या वाटेवरच आहेत. कन्नडकडे जाणारा रस्ता दौलताबाद, खुलताबाद, वेरूळ अशाच क्रमाने जातो. वेरूळ शहरापासून सुमारे 30 किलोमीटर. लेण्यांपासून घृष्णेश्वराचं मंदिरही जवळच. पैठण सुमारे 50 किलोमीटर. नाथांची समाधी, जायकवाडीचं धरण आणि पैठणीचे माग एका दिवसात आरामात बघून होतात.

अजिंठ्याला जायचं तर सिल्लोडवरून जळगावकडे जाणारी गाडी धरायची आणि फर्दापूरच्या फाट्यावर उतरायचं. स्वतःची मोटार नेणाऱ्यांनाही ती तिथेच ठेवावी लागते. चित्रांना धुराचा त्रास होऊ नये म्हणून लेण्यांपर्यंतचे पुढचे सुमारे चार किलोमीटर पर्यटकांना बसनेच जावं लागतं. एवढं मात्र ध्यानात ठेवा: अजिंठा लेणी सोमवारी बंद असतात, वेरूळची मंगळवारी.

गैरसमज 2: गाड्यांचा भरवसा नाही, गेलो तर अडकून पडू.

वस्तुस्थिती: ग्रामीण गाड्यांच्या वेळा गावकऱ्यांच्या सोयीने आखलेल्या असतात. सकाळी गावाकडून शहराकडे, संध्याकाळी शहराकडून गावाकडे, हा त्यांचा मुख्य ओघ. आपण शहरातून फिरायला निघतो तेव्हा नेमके उलट्या दिशेने जात असतो. सकाळी जाताना जागा मिळण्याची शक्यता त्यामुळे जास्त; मात्र आडगावाहून परतीची शेवटची गाडी लवकर सुटू शकते.

पुष्कळ जण फसतात ते मुक्कामी गाडीमुळे. अशी गाडी संध्याकाळी गावात येते, रात्री चालक-वाहकांसह तिथेच थांबते आणि पहाटे शहराकडे निघते. तिला परतीची गाडी समजून थांबलात, तर रात्र गावातच काढावी लागेल. म्हणून चौकशी खिडकीवर जाण्याची वेळ विचारण्याआधी शेवटच्या परतीच्या गाडीची वेळ विचारा, आणि तिच्या आधीच्या गाडीने निघायचं ठरवा. उतरताना वाहकालाही विचारून घ्या. रोजच्या मार्गाची माहिती त्याच्याइतकी क्वचितच कुणाला असते. वेरूळसारख्या हमरस्त्यावरच्या ठिकाणी हा प्रश्न बराच सोपा होतो, कारण तिथे लांब पल्ल्याच्या गाड्याही मिळतात.

गैरसमज 3: सगळं कुटुंब घेऊन जायचं तर मोटारच स्वस्त पडते.

वस्तुस्थिती: सवलती धरून हिशेब करा. 17 मार्च 2023 पासून महिलांना एसटीत निम्मं तिकीट आहे. 26 ऑगस्ट 2022 पासून 75 वर्षं पूर्ण केलेल्या ज्येष्ठांचा प्रवास मोफत आहे; 65 ते 75 वयोगटाला निम्मं तिकीट. पाच ते बारा वर्षांच्या मुलांनाही निम्मंच. आता घरातली चार माणसं घ्या: 76 वर्षांची आजी, आई, वडील आणि आठ वर्षांची मुलगी. आजीचं तिकीट शून्य, आईचं अर्धं, मुलीचं अर्धं, वडिलांचं पूर्ण. चौघांचा प्रवास दोन तिकिटांत होतो. ज्येष्ठांनी वयाचा पुरावा म्हणून आधार कार्ड जवळ ठेवावं. या सवलती राज्याच्या हद्दीपुरत्या आहेत.

सलग काही दिवस फिरायचं असेल, तर महामंडळाची ‘आवडेल तेथे प्रवास’ ही चार किंवा सात दिवसांच्या पासची योजना आहे.

गैरसमज 4: आधी आरक्षण करावं लागतं.

वस्तुस्थिती: साध्या ग्रामीण गाडीला आरक्षणाची गरज नसते. गाडीत बसायचं, वाहकाकडून तिकीट घ्यायचं. यात्रेचे दिवस आणि श्रावणी सोमवार मात्र टाळा. घृष्णेश्वराकडे आणि खुलताबादच्या भद्रा मारुतीकडे तेव्हा भाविकांची मोठी रीघ असते.

गैरसमज 5: मी एकट्याने एसटीने जाऊन काय फरक पडणार?

वस्तुस्थिती: फरक पडतो, आणि तो गावाला पडतो. फेरी चालू ठेवायची की नाही हे ठरवताना भारमान पाहिलं जातं, म्हणजे गाडीतल्या किती जागा भरल्या ते. दुपारच्या फेऱ्या रिकाम्या धावू लागल्या की आगारावर त्या कमी करण्याचा दबाव येतो. एक फेरी बंद झाली, तर शहरातल्या माणसाची सहल पुढे ढकलली जाईल. गावातल्या मुलीचं कॉलेज सुटू शकतं, कारण तिच्याकडे दुसरं वाहनच नसतं. ग्रामीण भागातल्या मुलींना बारावीपर्यंत एसटीचा मोफत पास मिळतो. पण गावात गाडीच आली नाही, तर त्या पासाचा उपयोग काय?

सुट्टीच्या दिवशी फिरायला निघालेलं कुटुंब अशाच कमी गर्दीच्या फेरीत बसतं. आपली सहल स्वस्तात होते आणि त्या गावाच्या गाडीला प्रवासी मिळतात. दोघांचाही फायदा ज्यात आहे, अशी ही सोय आपल्या दारात आहे. पुढच्या सुट्टीला वेरूळ किंवा पैठण ठरवा, घरातल्या आजी-आजोबांना सोबत घ्या आणि एसटीनेच जा.