रोग्याचें गुपित आणि पेटीचें कुलूप



मनुष्य जें सख्ख्या भावाला सांगत नाहीं, तें डॉक्टरला सांगतो. क्षय, अपस्मार, मनाचे विकार, व्यसन, मूल न होण्याचीं कारणें, हीं सारीं दुःखें दवाखान्याच्या चार भिंतींत उघडीं होतात, तीं एकाच विश्वासावर: येथें बोललेलें येथेंच राहील. तो विश्वास उडाला कीं रोगी बोलणें टाकतो, आणि जो बोलत नाहीं त्याचें निदान अर्धवट होतें. म्हणून गुप्तता हा वैद्यकाचा केवळ शिष्टाचार नव्हे. तें उपचाराचेंच एक साधन आहे.

पूर्वीं हें गुपित कागदावर असे. कपाटभर केसपेपर पळवावयाचे तर चोराला हमाल करावा लागला असता. आतां वीस वर्षांतील सर्व रोग्यांचे इतिहास, रक्ताचे अहवाल, क्ष-किरणांच्या प्रतिमा आणि घरचे पत्ते तळहातावर मावणाऱ्या हार्ड डिस्कमध्यें बसतात. संगणकांतील माहितीची चोरी म्हटली कीं दूरदेशीं बसून तारांवाटे आंत शिरणारा चोर आपल्या डोळ्यांपुढें उभा राहतो. तो खोटा नाहीं. परंतु माहिती जरी अदृश्य असली, तरी ती ज्यांत राहते तें यंत्र ही एक वस्तु आहे. ती उचलतां येते, विसरतां येते, विकतां येते. ती भिजते आणि जळते. आज या वस्तूच्या राखणीविषयीं चार शब्द सांगावयाचे आहेत.

ही राखण कायद्यानें बारकाईनें बांधून देणाऱ्या देशांत अमेरिका ठळक आहे. तेथें १९९६ सालीं झालेल्या व 'हिपा' या संक्षिप्त नांवानें ओळखल्या जाणाऱ्या कायद्याखालीं २००३ सालीं सुरक्षिततेचे नियम प्रसिद्ध झाले, आणि बहुतेक रुग्णालयांना व दवाखान्यांना ते २००५ पासून बंधनकारक झाले. त्यांत भौतिक संरक्षणाचे भाग चार आहेत. जागेंत कोणी यावें, हा पहिला. संगणकावर कोणतें काम कशा रीतीनें व कोठें बसून करावें, हा दुसरा. त्या संगणकापर्यंत कोणाचा हात पोंचावा, हा तिसरा. आणि यंत्रें आंत येतांना, बाहेर जातांना व निकामी झाल्यावर त्यांचें काय करावें, हा चौथा.

पहिले तीन भाग घरगुती शहाणपणाचेच आहेत. नांव नोंदविणाऱ्या टेबलावरील संगणकाचा पडदा बाकावर बसलेल्या मंडळींच्या दृष्टीस पडूं नये. कर्मचारी उठून गेला कीं थोड्या वेळांत पडदा आपोआप बंद व्हावा आणि पुन्हां संकेतशब्द मागावा. तो संकेतशब्द लिहिलेली चिठ्ठी पडद्याच्याच कडेला चिकटविलेली नसावी. मुख्य संगणक कुलुपाच्या खोलींत असावा, त्या कुलुपाच्या किल्ल्या किती व कोणाजवळ याची नोंद असावी, आणि नोकरी सोडून जाणाऱ्याकडून किल्ली परत घेतली जावी. विजेचें काम करावयास आलेल्या मनुष्यास त्या खोलींत एकटें सोडूं नये. लहान दवाखान्यासही हें न परवडण्यासारखें नाहीं. येथें पैशापेक्षां शिस्त अधिक लागते.

खरी मेख चौथ्या भागांत आहे, कारण पहारा दारावर असतो आणि वस्तु मात्र आपल्याच माणसाच्या हातून बाहेर जाते. इंडियाना राज्यांतील कॅन्सर केअर ग्रुप या कर्करोगतज्ज्ञांच्या संस्थेंतील एका कर्मचाऱ्याच्या मोटारींतून २०१२ सालीं एक पिशवी चोरीस गेली. तिच्यांत संगणकावरील माहितीची जादा प्रत होती. ती सांकेतिक रूपांत बदललेली नव्हती, आणि तिच्यांत सुमारें ५५,००० रोग्यांची माहिती होती. २०१५ सालीं संस्थेनें साडेसात लक्ष डॉलर भरून तें प्रकरण मिटविलें.

दुसरें उदाहरण चोरीचें देखील नाहीं. न्यूयॉर्कमधील ॲफिनिटी हेल्थ प्लॅन या आरोग्यविमा संस्थेनें भाड्यानें घेतलेलीं झेरॉक्स यंत्रें मुदत संपतांच परत केलीं. अशा पुष्कळ यंत्रांच्या पोटांतही हार्ड डिस्क असते आणि नक्कल केलेल्या कागदाचें चित्र तिच्यांत राहूं शकतें, हें कोणाच्या ध्यानीं आलें नाहीं. त्यांतील एक यंत्र सीबीएस या वृत्तसंस्थेनें विकत घेतलें, तेव्हां आंत रोग्यांचे कागद सांपडले! संस्थेच्या अंदाजानें ३,४४,५७९ पर्यंत लोकांची माहिती उघडी पडली असण्याचा संभव होता. २०१३ सालीं तिला १२,१५,७८० डॉलर भरावे लागले.

येथें एक गैरसमज दूर केला पाहिजे. संगणकावरील नोंद 'पुसली' म्हणजे ती नाहींशी झाली असें नाहीं. ग्रंथाच्या अनुक्रमणिकेंतून प्रकरणाचें नांव खोडावें आणि पानें तशींच राहावींत, तसा बहुधा हा प्रकार असतो. योग्य साधन हातीं असणारा तीं पानें वाचूं शकतो. म्हणून जुनें यंत्र विकण्यापूर्वीं त्यावर दुसरी माहिती भरून पहिली झांकावी लागते, अथवा डिस्कचे तुकडे करावे लागतात. प्रबळ चुंबकानें चुंबकीय डिस्क पुसली जाते, परंतु पेन ड्राइव्ह वा मोबाइल फोन यांच्या स्मृतीवर त्याचा उपयोग नाहीं. सर्वांत उत्तम म्हणजे सारी माहिती प्रथमपासूनच सांकेतिक रूपांत ठेवणें. मग पेटी गेली तरी, तिची किल्ली तिच्याबरोबर गेली नसेल तर, चोराच्या हातीं केवळ धातूचा तुकडा लागतो.

मनुष्याप्रमाणें पाण्याचेंही भय असतें. २६ जुलै २००५ रोजीं मुंबईंत सांताक्रूझ येथें एका दिवसांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. अशा दिवशीं तळमजल्यावर जमिनीलगत ठेवलेला संगणक वांचत नाहीं, आणि त्याबरोबर मधुमेह्याच्या दहा वर्षांच्या नोंदीही बुडतात. यास्तव यंत्र उंचावर ठेवावें आणि एक प्रत दुसऱ्या इमारतींत असावी. मात्र ती प्रत नेणारी पिशवीही राखावी लागते, हें इंडियानाच्या उदाहरणावरून दिसलेंच आहे.

आपल्या देशाच्या आरोग्य मंत्रालयानें २०१३ सालीं संगणकीय आरोग्यनोंदींचीं मानकें प्रसिद्ध केलीं आणि २०१६ सालीं तीं सुधारलीं. त्यांत एक मार्मिक भेद केला आहे. ज्या साधनावर नोंद साठविली तें साधन वैद्यकीय सेवा देणाऱ्याचें. त्यांतील माहिती मात्र रोग्याची, आणि डॉक्टर ती रोग्याच्या वतीनें विश्वस्त म्हणून सांभाळतो. पुढें २०२३ सालीं संसदेनें वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा संमत केला. त्यांत माहितीच्या रक्षणांत कसूर करणाऱ्यास अडीचशें कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे.

आपल्याकडे ठेव ही कल्पना जुनी आहे. शेजाऱ्याचे दागिने ज्या पेटींत ठेवले, ती पेटी आपली म्हणून मोडींत काढतांना आंत न पाहणारा गृहस्थ आपण प्रामाणिक मानूं काय? दागिने गेले तर भरून तरी देतां येतात. एखाद्या मुलीच्या आजाराची वार्ता गांवभर झाली तर ती परत आणून पेटींत ठेवतां येत नाहीं.

तेव्हां पुढच्या खेपेस दवाखान्यांत गेलांत तर डॉक्टरसाहेबांना नम्रपणें एवढें विचारा, "तुमचा जुना संगणक कोठें गेला?" ज्यांनीं ही ठेव जाणली आहे, त्यांना या प्रश्नाचा राग येणार नाहीं.